जखम चिघळू नये म्हणून: टाक्यांच्या आधीचे तास

प्रश्न असा आहे: "आमच्या रुग्णालयात हर्निया, सिझेरियन आणि पोटाच्या शस्त्रक्रिया नियमित होतात. गेले काही महिने टाक्यांत पू होण्याचं प्रमाण वाढल्यासारखं वाटतंय. प्रत्येक रुग्णाला आम्ही पाच ते सात दिवस अँटिबायोटिक देतो, दर आठवड्याला थिएटर फ्युमिगेट करतो (जंतुनाशक धूर सोडतो), भिंतींचे आणि टेबलांचे स्वॅब (बोळ्यानं पुसून घेतलेले नमुने) तपासणीला पाठवतो. तरी फरक नाही. आता वरच्या दर्जाचं अँटिबायोटिक सुरू करावं का? पुराव्यानं सिद्ध झालेलं नेमकं काय आहे?"

अँटिबायोटिक बदलू नका आणि दिवसही वाढवू नका. तुम्ही सांगितलेले तिन्ही उपाय प्रामाणिकपणे केलेले आहेत हे दिसतंय, पण ते चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी पडताहेत. शस्त्रक्रियेच्या जागेचा संसर्ग बहुतेक वेळा जखम उघडी असतानाच पेरला जातो. पू पाचव्या-सातव्या दिवशी दिसतो, म्हणून आपलं लक्ष वॉर्डाकडे, ड्रेसिंगकडे आणि डिस्चार्जच्या चिठ्ठीकडे जातं. जंतू मात्र आत गेलेले असतात चीर दिल्यापासून शेवटचा टाका पडेपर्यंतच्या वेळात. नंतरच्या सात दिवसांवर जी मेहनत आणि जे औषध खर्च होतं, ते चीर देण्याआधीच्या आणि चीर उघडी असतानाच्या तासांकडे वळवायचं. माझं म्हणणं इतकंच आहे. खालचं सगळं उत्तर ते कसं वळवायचं याबद्दल आहे.

आधी हे जंतू येतात कुठून ते पाहू. भिंतीवरून येतात असं क्वचितच घडतं. बहुतेक वेळा ते रुग्णाचेच असतात: त्वचेवरचे, नाकातले, आतडं उघडलं असेल तर आतड्यातले. स्वच्छ शस्त्रक्रियेत स्टॅफिलोकोकस हा मुख्य आरोपी, आतड्याच्या शस्त्रक्रियेत ई. कोलाय आणि ऑक्सिजनशिवाय वाढणारे जंतू. जंतुनाशकानं कितीही रंगवली तरी त्वचा निर्जंतुक होत नाही, कारण काही जंतू केसांच्या मुळाशी आणि ग्रंथींत दडलेले असतात. म्हणजे प्रत्येक जखमेत थोडे जंतू जातातच. पू होतो की नाही हे त्यांची संख्या आणि त्यांना मिळणारी जागा यांवर ठरतं. १९५७ साली एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांवर केलेला प्रयोग इथे फार बोलका आहे. निरोगी त्वचेखाली पू व्हायला लाखोंच्या संख्येनं स्टॅफिलोकोकस टोचावे लागले, पण तिथे रेशमाचा एक टाका ठेवल्यावर काही शे जंतूही पुरले. साचलेलं रक्त, कॉटरीनं (विजेनं जाळून रक्त थांबवणाऱ्या उपकरणानं) कोळसा झालेली चरबी, घट्ट आवळलेल्या टाक्यात गुदमरलेली ऊती, गरजेपेक्षा जास्त धागा, हे सगळं जंतूंसाठी त्या रेशमाच्या टाक्यासारखंच काम करतं. हळुवार हात, नेमका रक्तस्राव थांबवणं आणि पोकळी मागे न ठेवणं यांवर मोठ्या चाचण्या होत नाहीत, म्हणून मार्गदर्शक सूचनांत त्यांना एखादी ओळ मिळते. माझ्या मते त्या ओळीचं वजन फार मोठं आहे.

आता अँटिबायोटिक. १९६१ मध्ये जॉन बर्क यांनी गिनीपिगवर दाखवलं की जंतू टोचण्याआधी किंवा त्याच वेळी औषध दिलं तर त्वचेवरची गाठ जवळजवळ होत नाही, आणि तीन तासांनी दिलं तर दिल्या-न दिल्यात फरक उरत नाही. माणसांत हेच चित्र १९९२ मध्ये २,८४७ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं. चीर देण्याआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांत संसर्ग ०.६ टक्के होता. त्याहून बराच आधी दिलेल्यांत ३.८ टक्के, आणि चीर दिल्यावर तीन तासांहून उशिरा दिलेल्यांत ३.३ टक्के. औषधं तीच होती, फरक घड्याळाचा होता.

मात्र यातून मिनिटामिनिटाचा हट्ट धरायची गरज नाही. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या साडेपाच हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत भूल देण्याच्या खोलीत लवकर दिलेला डोस आणि थिएटरमध्ये चिरेच्या अगदी आधी दिलेला डोस यांत फरक आढळला नाही. सेफाझोलिनसारखं औषध चिरेआधीच्या ६० मिनिटांत पूर्ण गेलेलं असावं, व्हँकोमायसिन किंवा फ्लुरोक्विनोलोन हळू द्यावं लागतं म्हणून ते चिरेआधीच्या १२० मिनिटांत सुरू करावं. टूर्निके (हातापायाचा रक्तपुरवठा तात्पुरता थांबवणारी पट्टी) लावणार असाल तर ती फुगवण्याआधी सगळा डोस आत गेला पाहिजे. सिझेरियनमध्येही डोस चिरेआधीच द्यायचा. बाळाची नाळ बांधेपर्यंत थांबण्याची जुनी पद्धत सोडून द्या, आईच्या जखमेच्या दृष्टीनं ती तोट्याची आहे.

प्रत्यक्षात हे बिघडतं कुठे ते सांगते. ऑर्डर "सकाळी सात वाजता इंजेक्शन" अशी लिहिलेली असते. वॉर्डातल्या सिस्टर इमानेइतबारे सातला देतात. आधीची केस लांबते, रुग्ण साडेअकराला टेबलावर येतो, आणि कागदावर मात्र डोस दिल्याची बरोबरची खूण असते. सेफाझोलिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्मं होतं. चार तासांनी चीर दिली तर तो रुग्ण जवळजवळ विनाकवच टेबलावर असतो. उपाय साधा आहे: हा डोस वॉर्डातून काढून घ्या. तो थिएटरमध्ये भूलतज्ज्ञांनी द्यायचा, वेळ भुलेच्या चार्टवर लिहायची, आणि ब्लेड मागण्याआधी सर्जननं मोठ्यानं विचारायचं, "अँटिबायोटिक किती वाजता गेलं?" उत्तर मिळेपर्यंत ब्लेड हातात द्यायचं नाही, ही मुभा स्क्रब सिस्टरना असली पाहिजे, आणि ती सर्जननं सगळ्यांसमोर दिलेली असली पाहिजे.

डोसही पुरेसा हवा. प्रौढांना सेफाझोलिन २ ग्रॅम, वजन १२० किलो किंवा जास्त असेल तर ३ ग्रॅम. शस्त्रक्रिया लांबली तर पहिल्या डोसनंतर चार तासांनी पुन्हा द्या, आणि रक्तस्राव दीड लिटरच्या पुढे गेला तर चार तास पूर्ण व्हायची वाट न बघता द्या. हा दुसरा डोस सर्रास राहून जातो, कारण तेव्हा सगळे शस्त्रक्रियेत गुंतलेले असतात. पहिला डोस देतानाच भूलतज्ज्ञांनी गजर लावून ठेवावा.

वरच्या दर्जाचं औषध का नको, याचं कारण त्वचेवरचे नेहमीचे जंतू मारण्यात सेफाझोलिन उत्तम आहे. तिसऱ्या पिढीतलं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ग्राम-निगेटिव्ह जंतूंवर रुंद काम करतं, पण स्टॅफिलोकोकसवर ते सेफाझोलिनपेक्षा सरस नाही, आणि वॉर्डभर प्रतिकारक्षम जंतू वाढवायला मदत मात्र करतं. आतड्याच्या शस्त्रक्रियेत सेफाझोलिनसोबत मेट्रोनिडाझोल जोडा. "पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे" एवढ्यावरून सेफाझोलिन टाळू नका, नेमकं काय झालं होतं ते नीट विचारा. लहानपणी कधीतरी पुरळ आलं होतं एवढंच असेल तर सेफाझोलिन सहसा सुरक्षित असतं, कारण त्याची रेणूची बाजूची साखळी पेनिसिलिनपेक्षा वेगळी आहे. कातडी सोलवटण्यासारखी गंभीर प्रतिक्रिया येऊन गेली असेल तर गोष्ट वेगळी. २०१८ च्या एका अभ्यासात पेनिसिलिन-अ‍ॅलर्जीचा शिक्का असलेल्या रुग्णांत जखमेचा संसर्ग होण्याची शक्यता दीडपट दिसली, आणि त्यामागचं कारण होतं त्यांना मिळालेली पर्यायी औषधं.

आणि आता तुमचे सात दिवस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सूचना, अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या २०१७ च्या सूचना, दोन्ही एकच सांगतात: शस्त्रक्रिया संपल्यावर प्रतिबंधासाठीचं अँटिबायोटिक चालू ठेवू नका. ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी) आहे म्हणूनही नाही. २०१९ मध्ये अमेरिकी माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या ७९ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांचं विश्लेषण आलं. औषध जितकं लांबलं तितकी मूत्रपिंडाला इजा आणि क्लॉस्ट्रिडियम या जंतूमुळे होणारे जुलाब वाढले, जखमेचे संसर्ग काही कमी झाले नाहीत. तुमच्या हर्नियाच्या रुग्णाला सहा दिवसांच्या गोळ्यांनी फक्त धोका मिळतोय.

हे ऐकून वरिष्ठ सर्जन अस्वस्थ होतात, आणि त्यामागची भीती मला समजते. पू झाला आणि नातेवाइकांनी विचारलं, "अँटिबायोटिक का बंद केलं?" तर काय सांगायचं? म्हणून हा निर्णय एकेका सर्जनवर सोडू नका. रुग्णालयाचा लेखी नियम करा, त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि स्वच्छ शस्त्रक्रियांपासून सुरुवात करा. एक फरक मात्र स्पष्ट ठेवा. फुटलेलं अपेंडिक्स, आतड्याचं छिद्र, पोटात पू, इथे अँटिबायोटिक हा उपचार असतो, प्रतिबंध नव्हे, आणि तो द्यायलाच हवा. तिथेही किती दिवस याचं उत्तर आता बरंच आखूड झालं आहे: २०१५ च्या चाचणीत उगम नीट काढून टाकल्यावर सुमारे चार दिवसांचा उपचार आठ दिवसांइतकाच चांगला ठरला.

केस काढण्याबद्दल. शक्यतो काढूच नका. आड येत असतील तर क्लिपरनं (केस कातरायच्या यंत्रानं), थिएटरबाहेर, त्याच दिवशी. वस्तरा किंवा दाढीचं ब्लेड वापरू नका, कारण त्यानं त्वचेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या जखमा होतात आणि त्यांत जंतू वाढतात. १९७१ मधल्या अभ्यासात वस्तऱ्यानं केस काढलेल्यांत ५.६ टक्के संसर्ग होता, न काढलेल्या किंवा क्रीमनं काढलेल्यांत ०.६ टक्के. शस्त्रक्रियेच्या चोवीस तासांहून आधी वस्तरा फिरवला असेल तर हे प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेलं होतं. पन्नास वर्षं उलटली तरी "आदल्या रात्री पार्ट प्रिपरेशन" म्हणून वॉर्डात ब्लेड फिरतंच, याचं मला खरंच वाईट वाटतं. यादीतली सगळ्यात सोपी सुधारणा हीच आहे: दोन चांगले क्लिपर घ्या, प्रत्येक रुग्णाला नवं डोकं लावा, आणि वॉर्डातून ब्लेड उचलून न्या. नुसतं परिपत्रक काढून ब्लेड कपाटात राहिलं तर ते वापरलं जाईल.

त्वचेच्या तयारीत अल्कोहोल असलेलं द्रावण वापरा. २०१० च्या चाचणीत क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोलनं संसर्ग ९.५ टक्के आणि पाण्यातल्या पोविडोन आयोडीननं १६.१ टक्के होता, आणि त्यानंतर सगळीकडे क्लोरहेक्सिडीनचा जयजयकार झाला. पण ती तुलना सारखी नव्हती, एका बाजूला अल्कोहोल होतं आणि दुसऱ्या बाजूला नव्हतं. २०२४ मध्ये पोटाच्या आणि हृदयाच्या शस्त्रक्रियांत अल्कोहोलमधलं पोविडोन आयोडीन हे क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोलच्या तोडीस तोड ठरलं, आणि बंद अस्थिभंगांत तर अल्कोहोलमधल्या आयोडीननं थोडी सरशी केली. २०२१ मध्ये सात देशांतल्या ५,७८८ रुग्णांच्या फाल्कन चाचणीत क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोल आणि पाण्यातलं पोविडोन यांतही फरक निघाला नाही, आणि ट्रायक्लोसान हे जंतुनाशक लावलेल्या धाग्यानंही काही साधलं नाही. सगळं एकत्र ठेवलं तर मी असं वाचते: अल्कोहोल असलेलं कुठलंही चांगलं द्रावण घ्या, ब्रँडवर वाद घालू नका, लावण्याच्या पद्धतीवर घाला. चिरेच्या जागेच्या पलीकडे, ड्रेनच्या जागेपर्यंत पुरेसं रुंद रंगवा. मग थांबा. निदान तीन मिनिटं, केसाळ भागात त्याहून बरंच जास्त. सुकण्याआधी पुसून ड्रेप (निर्जंतुक चादर) टाकला तर द्रावणाचं काम अर्धवट राहतं, आणि ड्रेपखाली साचलेल्या अल्कोहोलला कॉटरीच्या ठिणगीनं आग लागते. डोळा, मधला कान, मेंदूचं आवरण यांच्याजवळ क्लोरहेक्सिडीन नको, आणि योनिमार्गासाठी पाण्यातलं पोविडोन आयोडीन वापरा.

हात धुण्यावर लांबण लावत नाही. २००२ मध्ये फ्रान्समध्ये चार हजारांहून अधिक रुग्णांवर पारंपरिक स्क्रब आणि अल्कोहोल रब यांची तुलना झाली, संसर्ग दोन्हीकडे अडीच टक्क्यांच्या आसपास. दिवसाच्या सुरुवातीला साबणानं हात स्वच्छ, नखाखालची माती काढलेली, हात कोरडे, आणि मग रब पुरेशा प्रमाणात कोपरापर्यंत. कातडी सोलेपर्यंत ब्रश घासायची गरज नाही, उलट त्यानं नुकसान होतं.

तापमान, साखर आणि ऑक्सिजन यांत पुरावा कसा पुढे सरकतो ते बघण्यासारखं आहे. १९९६ मध्ये मोठ्या आतड्याच्या २०० रुग्णांच्या चाचणीत ज्यांना उबदार ठेवलं त्यांत ६ टक्के संसर्ग झाला, आणि ज्यांचं शरीर ३४.७ अंशांपर्यंत थंड होऊ दिलं त्यांत १९ टक्के. थंडीनं त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला ऑक्सिजन कमी मिळतो, पांढऱ्या पेशी मंदावतात. मग प्रश्न आला की आणखी गरम ठेवलं तर आणखी फायदा होईल का? २०२२ मध्ये पाच हजारांहून अधिक रुग्णांत ३५.५ आणि ३७ अंशांची तुलना झाली आणि फरक आढळला नाही. म्हणजे रुग्ण गारठू देऊ नका, पण ३७ च्या आकड्यासाठी जिवाचा आटापिटाही नको. मी अजूनही ३६ च्या खाली जाऊ न देण्याचा आग्रह धरते, कारण गारठ्याचे रक्तस्रावावर आणि शुद्धीवर येण्यावरही परिणाम होतात. गरम हवेचं ब्लँकेट भूल देण्याआधीच घातलं तर जास्त उपयोगी पडतं. थंडगार सलाईन सोडू नका, आणि रुग्ण उघडा ठेवून ड्रेपची वाट बघायला लावू नका.

रक्तातली साखर शस्त्रक्रियेच्या काळात डेसीलीटरमागे २०० मिलिग्रॅमच्या खाली ठेवा, आणि मधुमेह नाही म्हणून तपासायचं सोडू नका. शस्त्रक्रियेच्या ताणानं मधुमेह नसलेल्यांचीही साखर चढते. फार खाली आणण्याच्या नादात साखर धोकादायक कमी होते, तेही टाळा. जास्त ऑक्सिजनबद्दल मत विभागलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटना श्वासनलिकेत नळी घातलेल्या रुग्णांत ८० टक्के ऑक्सिजनची शिफारस करते, पण २००९ च्या १,४०० रुग्णांच्या चाचणीत त्यानं संसर्ग कमी झाला नाही. माझा भर त्यावर नाही.

नियोजित शस्त्रक्रियेत काम काही आठवडे आधी सुरू होतं. तंबाखू आणि धूम्रपान निदान चार आठवडे बंद. साखर आटोक्यात. शरीरात दुसरीकडे संसर्ग असेल, लघवीचा, दाताचा, पायावरच्या जखमेचा, तर तो आधी बरा करा, आणि विशेषतः कृत्रिम सांधा किंवा जाळी बसवणार असाल तर तारीख पुढे ढकला. आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी आंघोळ करायला सांगा, साधा साबण चालतो. हृदय आणि सांध्यांच्या शस्त्रक्रियांत नाकातला स्टॅफिलोकोकस ऑरियस शोधून पाच दिवस मुपिरोसिन मलम आणि क्लोरहेक्सिडीनची आंघोळ द्यावी. २०१० च्या चाचणीत अशा वाहकांत या जंतूचा संसर्ग ७.७ वरून ३.४ टक्क्यांवर आला होता. हर्नियाच्या प्रत्येक रुग्णाचं नाक तपासत बसू नका. मोठ्या आतड्याच्या नियोजित शस्त्रक्रियेत नुसता जुलाब देऊन पोट साफ करण्यानं संसर्ग कमी होत नाही. द्यायचाच तर तोंडावाटे अँटिबायोटिकसोबत द्या.

पोट बंद करतानाची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिला यंत्र लागत नाही. २०२२ मध्ये चीटा चाचणीत सात देशांतल्या ८१ रुग्णालयांत तेरा हजारांहून अधिक रुग्ण होते. पोटाची भिंत शिवण्याआधी सगळ्या चमूनं हातमोजे बदलायचे आणि शिवण्यासाठी वेगळी, न वापरलेली उपकरणं घ्यायची, एवढाच बदल. संसर्ग १८.९ वरून १६ टक्क्यांवर आला. त्यासाठी ट्रे बांधतानाच बंद करण्याचा छोटा संच वेगळा गुंडाळून ठेवायचा: सुई धरायचा होल्डर, दातेरी चिमटा, कात्री, दोन आर्टरी फोर्सेप्स. ऐन वेळी शोधायला गेलात तर मिळणार नाही.

आता ज्या खोलीत सर्जन क्वचितच जातात तिथे या: उपकरणं धुण्याची आणि ऑटोक्लेव्हची खोली. तुमच्या प्रश्नात तिचा उल्लेखच नाही, आणि अचानक वाढ झाली असेल तर मी पहिल्यांदा तिथेच जाईन. रक्त वाळलेल्या उपकरणावर वाफ पोचत नाही, त्यामुळे आधी धुणं, मग निर्जंतुक करणं. बिजागऱ्या उघडून, नळ्यांच्या आतून ब्रश घालून, वापरल्यावर लगेच. गुंडाळलेल्या संचाला साध्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना निदान ३० मिनिटं आणि प्री-व्हॅक्यूम (आतली हवा आधी काढून घेणाऱ्या) यंत्रात १३२ अंशांना ४ मिनिटं लागतात, आणि ही वेळ तापमान गाठल्यानंतर मोजायची असते. ड्रम ठासून भरला तर मधल्या कपड्यापर्यंत वाफ जात नाही. बाहेरच्या टेपवर पट्टे उमटले म्हणजे पॅक गरम झाला, आतलं सगळं निर्जंतुक झालं असं नाही. म्हणून पॅकच्या आत रासायनिक निर्देशक ठेवा आणि आठवड्यातून निदान एकदा जिवंत बीजाणूंची चाचणी लावा, इम्प्लांटच्या (शरीरात बसवायच्या वस्तूंच्या) प्रत्येक लोडला तर नक्कीच. पॅक ओला निघाला तर तो वापरायचा नाही, कितीही घाई असली तरी. या खोलीत काम करणाऱ्या माणसाला आपण किती प्रशिक्षण दिलं आहे, हा प्रश्न प्रत्येक सर्जननं स्वतःला विचारावा.

फ्युमिगेशन बंद करा. त्यासाठी वापरलं जाणारं फॉर्मल्डिहाइड हे माणसात कर्करोग करणारं रसायन म्हणून नोंदलेलं आहे, आणि नेहमीच्या शस्त्रक्रियांसाठी त्याची शिफारस नाही. त्याऐवजी दोन केसेसच्या मध्ये टेबल, दिवे, कॉटरीची बटणं पुसली जातात का आणि दिवसअखेर फरशी डिटर्जंटनं धुतली जाते का ते बघा. भिंतीचे नेहमीचे स्वॅबही थांबवा, ते पैसे जखमेतल्या पुवाच्या कल्चरकडे (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीकडे) वळवा. शस्त्रक्रिया चालू असताना दार किती वेळा उघडतं ते मात्र मोजा.

शेवटी तुमच्या "वाढल्यासारखं वाटतंय"कडे येते. खरं तर सुरुवात इथूनच करायची. महिन्यात चाळीस सिझेरियनमध्ये एका महिन्यात एक आणि पुढच्या महिन्यात तीन जखमा चिघळल्या, तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो. व्याख्या पक्की करा: शस्त्रक्रियेपासून ३० दिवसांत, आणि इम्प्लांटसारख्या ठरावीक शस्त्रक्रियांत खोल संसर्गासाठी ९० दिवसांपर्यंत. पू येणं, किंवा दुखणं-सूज-लाली असल्यामुळे सर्जनला जखम उघडावी लागणं, हे मोजा. टाक्याभोवतीची नुसती लाली किंवा एका टाक्याच्या छिद्रातला थेंबभर पू धरू नका. बरेच संसर्ग डिस्चार्जनंतर उघडे पडतात, तेव्हा चौदाव्या आणि तिसाव्या दिवशी रुग्णाला फोन करा, तीन साधे प्रश्न विचारा: जखमेतून काही येतं का, ताप आला का, कुणी टाके उघडले किंवा औषध बदललं का? त्यासोबत प्रत्येक केसच्या तीन गोष्टी नोंदवा: डोस चिरेआधी ६० मिनिटांत गेला का, केस कशानं काढले, शस्त्रक्रियेअखेर तापमान किती. पहिल्याच महिन्यात तुम्हाला दिसेल की "आम्ही हे करतोच" आणि प्रत्यक्षात झालेलं यांत किती अंतर आहे. आकडे सर्जननिहाय, पण दोषारोप न करता, दर महिन्याला त्यांच्यापर्यंत पोचवा. अमेरिकेतल्या १९८० च्या दशकातल्या मोठ्या सेनिक अभ्यासापासून हे दिसत आलं आहे की नजर ठेवणं आणि आकडे सर्जनना परत सांगणं यानं संसर्ग घटायला मदत होते. २००९ मध्ये आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत सुरक्षित शस्त्रक्रियेची तपासणी यादी आल्यावर जखमेचे संसर्ग ६.२ वरून ३.४ टक्क्यांवर आले. त्या यादीत नवं औषध एकही नव्हतं.

मोजताना एका वेगळ्या चित्रावर लक्ष ठेवा, विशेषतः दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया होत असतील तर. टाके छान भरलेले असतात, आणि तीन-चार आठवड्यांनी किंवा त्याहून उशिरा पोर्टच्या (दुर्बिणीसाठी केलेल्या छिद्राच्या) जागी गाठ येते, पातळ पाणी गळतं, नेहमीच्या अँटिबायोटिकनं हटत नाही, साध्या कल्चरमध्ये काही उगवत नाही. असे दोन रुग्ण दिसले तरी पाण्यात राहणाऱ्या अटिपिकल मायकोबॅक्टेरियाचा (क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतल्या जंतूंचा) संशय घ्या. याचं मूळ बहुधा ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणाच्या ट्रेमध्ये असतं: न उघडता बुडवलेले ट्रोकार (पोटात दुर्बीण घालायच्या नळ्या), अनेक दिवस वापरलेलं द्रावण, आणि वर नळाच्या पाण्यानं धुणं. दोन केसेसच्या मध्ये वीस मिनिटं बुडवणं म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे, त्याला या द्रावणात साधारण दहा तास लागतात. अशा वेळी नुसता स्वॅब न पाठवता गाठीतली ऊती पाठवा, प्रयोगशाळेला एएफबी स्टेन (हे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवणारी रंगतपासणी) आणि मायकोबॅक्टेरियाचं कल्चर असं स्पष्ट लिहून द्या, त्या संचावर झालेल्या सगळ्या रुग्णांना परत बोलवा, आणि त्याच दिवसापासून बुडवणं बंद करून उपकरणं सुटी करून धुऊन वाफेवर, किंवा वाफ न सोसणारी असतील तर प्लाझ्मा किंवा इथिलीन ऑक्साइडवर न्या.